बरोबरीचा रकाना

हानुसनं वही माझ्यापुढं सरकवली
तेव्हा तिला माशाच्या तेलाचा वास होता.
"सगळं आहे, सुन्वा," म्हणाला, "पहिल्या सामन्यापासून.
पुसट असेल तिथं मला विचार.
मी मेलो तर अंदाजानं भर."

रकाने सहा. खेळले, जिंकले, बरोबरी, हरले,
केलेले, खाल्लेले.
शेवटच्या रकान्यात आकडे मावत नाहीत,
ते समासात सांडलेत
टोपलीबाहेर पडलेल्या बांगड्यांसारखे.

आमचा सतरा वर्षांखालचा संघ.
देश तसा जुना, पण मैदानात उतरतो तेव्हा
त्याला नुकती मिसरूड फुटत असते.
दोन वर्षांत सगळेच वयानं बाद:
कुणी ट्रॉलरवर, कुणी कोपनहेगनला शिकायला,
एकजण पाद्री झाला,
तो अजून प्रार्थनेच्या शेवटी मान झटकतो
कॉर्नरवरून चेंडू आल्यासारखी.
मग नवी पोरं. वारं प्यालेली वासरं.
आधीचं काही ठाऊक नसतं त्यांना,
हरणं तेवढं पाचवीला पुजलेलं.

मी भरत जाते. शून्य-पाच. शून्य-नऊ.
जिंकले: दोन,
त्यातला एक समोरच्यांचं विमान धुक्यातून उतरलंच नाही म्हणून.
एक-सात. इथं थांबते.
तो एक कुणाचा?
नावाच्या जागी कागद खरवडलेला,
दिव्यासमोर धरला की उमटतं: वारा.

"त्यांच्याच गोलकीपरनं हातातून मारलेला चेंडू," हानुस सांगतो,
"वर गेला, तिथं जरा विचार करत थांबला
आणि त्याच्याच डोक्यावरून जाळीत परतला.
मी लिहिलं जे पाहिलं ते.
अध्यक्षांनी वाऱ्याचा जन्मदाखला मागितला.
पुसलं मग."

आणि मग ते पान.
समोर असा देश, ज्याच्या एका स्टेडियममध्ये
आमची अख्खी अठरा बेटं बसतील,
अंथरुणाला खिळलेले धरून,
आणि वर रांगा रिकाम्या राहतील.
शून्य-एक. सत्त्याऐंशीवं मिनिट. पेनल्टी.
साकारिसनं चेंडू ठेवला. चेंडू निघाला.
पुन्हा ठेवला, पुन्हा निघाला,
घरी कुणी वाट बघत असल्यासारखा.
पंचांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं,
पानं वाराच उलटू लागला.
तेव्हा रोग्वी ओल्या गवतावर पालथा पडला
आणि एका बोटानं
चेंडू दाबून धरला.
डोळे मिटून.
बूट कानाजवळून गेला.

एक-एक.

वहीत साकारिसचं नाव आहे, मिनिट आहे,
प्रेक्षक एकशे बारा आणि एक कुत्रं.
चेंडू धरणाऱ्याला रकाना नाही.

"रोग्वी कुठंय आता?"
हानुस खिडकीकडं बघतो.
"क्लाक्सविकला. जाळी शिवतो.
बोट ते नंतर विंचमध्ये गेलं."
बऱ्याच वेळानं: "उजव्या हाताचं."
मग पेन्सिल तासायला घेतो,
जिला टोक आहेच.

संगणकाला घाई असते. त्याची चौकट लुकलुकते:
बरोबरी, एक. पुढं?
बाहेर सरावाचे दिवे लागलेत,
पाऊस आडवा चाललाय त्यांच्या उजेडात.
या वर्षीची पोरं. नावं अजून पाठ नाहीत मला.
फ्री किक असावी,
कुणीतरी घसा फोडून ओरडतंय,
"धर रे! जरा धर ना त्याला!"

मी बटणावर बोट ठेवून बसले आहे.
दाबलेलं नाही.