सगळं धरून

अकरा वर्षं या हॉटेलच्या चादरी धुतल्या,
त्यांच्यावर झोपायचं कसं, ते मात्र येत नव्हतं.

डिसेंबरात चिठ्ठी निघाली.
मॅनेजरबाईंनी डोळे मिटून आचाऱ्याच्या टोपीतून उचलली:
एनेइदा, धुलाई विभाग.
दोन रात्री, दोन माणसं, सगळं धरून.
मुली टाळ्या पिटत होत्या
आणि मी ओले रबरी बूट टेबलाखाली ढकलत होते.

घरी बिएन्वेनिदो म्हणाला, त्यापेक्षा रोख देतात का विचार.
विचारलं होतं. देत नाहीत.

त्याच्या नावाचा अर्थ 'सुस्वागतम'.
मोठ्या फाटकावर ते माणसाएवढ्या अक्षरांत लिहिलंय,
शेवटी एक जादा स.
फाटकाला वळसा घालून मागच्या लोखंडी दारातून
तो रोज पहाटे चारला आत शिरतो,
समुद्रानं रात्रभर ओकलेलं तपकिरी शेवाळ
दाताळ्यानं ओढायला,
पाहुणे उठायच्या आत
किनारा गोरा करायला.

त्या शनिवारी आम्ही मोठ्या फाटकातून गेलो.
पहाऱ्यावर त्याचाच चुलतभाऊ.
"या साहेब, या बाईसाहेब," म्हणाला,
आणि तिघं इतके हसलो
की मागची बस हॉर्न देऊ लागली.

मनगटावर केशरी पट्टा. कात्रीशिवाय निघत नाही.
हा दाखवायचा, मग काहीही मागा,
सही नाही, पैसे नाहीत.
"पाण्यालासुद्धा?" यानं विचारलं.
काउंटरवरची पोर नवी होती, तिला कळलं नाही.

जेवणाला चाळीस पदार्थ.
यानं घेतला भात, राजमा, तळलेली केळी.
अरे, हे तर घरी रोजच असतं!
"म्हणूनच," तो म्हणाला, "बरं जमलंय की नाही ते कळतं."
बरं जमलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर कॅनडाचं म्हातारं जोडपं.
बाईंनी प्रेमानं विचारलं, हनिमून का?
एकवीस वर्षं झाली, मी म्हटलं.
आणि आलात कुठून?
वेरोनहून.
"व्हेरोना! आम्ही राहिलोय तिथं. काय सुंदर गाव!"
बिएन्वेनं गंभीरपणे मान डोलावली.
"हो. नळाला आठवड्यातून दोनदाच येतं पाणी, पण गाव चांगलं आहे."

रात्री चादरीला माझ्याच हातांचा वास, क्लोरिनचा.
कोपऱ्यात इस्त्रीचा पिवळट डाग सापडला.
ओळखला. मार्चमधला.
लाइट गेली होती, आली ती एकदम जोरात आली होती.
डागाची बाजू मी माझ्याकडे घेतली.
एसी थंडगार, डास नाहीत, शेजाऱ्याचा रेडिओ नाही.
छताकडे बघत हा म्हणाला,
"फार शांत आहे गं. कुणी मेलंय का?"

चारला जाग आली. त्याची बाजू रिकामी.
सज्जातून पाहिलं:
अंधारात हॉटेलचा पांढरा झगा, अनवाणी,
हातात दुसऱ्याचं दाताळं.
ज्याचं होतं तो पोरगा होडीवर बसून सिगारेट ओढत होता.

खाली गेले. म्हटलं, वेडा आहेस का,
पाहुण्यांनी कामाला हात लावायचा नसतो.
त्यानं वर बघितलं नाही.
"पूर्ण नाही करत. खोलीतून तुला दिसेल तेवढाच."

आमच्या धुलाईघराला खिडकी नाही.
अकरा वर्षांत मी त्याला हे करताना
कधी पाहिलंच नव्हतं:
आधी कमरेतून वाकणं, मग एक लांब ओढ,
मग क्षणभर थांबून मागं बघणं,
जशी मी चादर झटकून बघते.
पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले,
बुडाला दव लागेपर्यंत.

उजाडलं तेव्हा
खिडकीएवढी वाळू स्वच्छ होती, दोन्हीकडे शेवाळ तसंच.
आणि झग्याचा घेर गुडघ्यापर्यंत तपकिरी.
हा डाग सहजी जात नाही.
लिंबू लागतं, मीठ लागतं, ऊन लागतं.
सोमवारी येईलच तो खाली, माझ्याच गाड्यावर.

बघू. घाई नाही.