मधल्या अ‍ॅक्सलचं डावं चेंबर

आमच्या अग्निशमन दलात अकरा माणसं, सगळी बिनपगारी.
त्यातला मी एक. दिवसा माझं औषधांचं दुकान.
दलाकडे ट्रक आहे, लष्करानं टाकून दिलेला, पाच टनी.
वरून पिवळा रंग दिला आम्ही,
तरी दाराच्या कडेला हिरवा डोकावतो,
नव्या शर्टाखालून जुनं बनियन दिसावं तसा.
पाठीवर हजार गॅलन पाणी.
नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांत गवत पेटलं
तर नळ वीस मैलांवर.

मार्चमध्ये तो जागचा हलेना.
लाइल क्राटोचविल साबणाचं पाणी घेऊन खाली सरपटला
आणि मधल्या अ‍ॅक्सलच्या डाव्या चेंबरवर
फेस फुगत गेला.

त्यानं खालूनच समजावलं:
आत एक स्प्रिंग असते, जन्माची रागावलेली.
हवा तिला दाबून धरते, म्हणून चाक फिरतं.
हवा गेली की ती सुटते, चाक जखडतं.
म्हणजे थांबणं हा मूळ स्वभाव,
आणि चालणं म्हणजे
कुणीतरी सारखा दम धरून बसणं.
मी म्हटलं, आमच्या थोरल्या मामांचं असंच होतं.
तो हसला नाही.
साबणाचं पाणी कानात गेलं होतं त्याच्या.

नॉर्थ प्लॅटच्या दुकानदारानं काउंटरवर नवंकोरं ठेवलं:
दोन बोल्ट, लावा आणि जा.
पण आमच्या चेंबरला मान आहे, मानेला आटे,
ते फिरवत फिरवत आत बसवायचं.
मानेची लांबी मानेवरच ठोकलेली असते
आणि आमच्या मानेवर नुसता गंज.

माझ्याकडे एखादी गोळी नसली
तर मी दुसऱ्या कंपनीची देतो.
रेणू तोच, नाव वेगळं, आजी कुरकुरतात, पण घेतात.
इथे ती सोय नाही.
तेरा आकडी नंबर पाठ झाला मला,
बायकोच्या फोन नंबराआधी.

जॉर्जियातला म्हणाला, तीनशे डॉलर, जसं आहे तसं, परत घेणार नाही.
टेक्सासमधल्यानं फोटो पाठवला, भलत्याच ट्रकचा.
यूटातला माणूस वारला होता;
त्याच्या नंबरावर आता केस कापून मिळतात.

शेवटी कॅन्ससमध्ये आर्व्हेला उनरू.
नवऱ्यानं लिलावात चाळीस खोकी घेतली होती,
का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि मग राहूनच गेलं.
एका खोक्यावर तिच्या मुरंब्याच्या बरण्या.
त्याच खोक्यावर माझे तेरा आकडे.

मेणकागद सोडला. आत कोरं लोखंड, ग्रीसचा वास,
कुणा तपासनिसाची निळी आद्याक्षरं.
पॅकिंग: फेब्रुवारी १९८८.
तेव्हा मी कराडला, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला, नापास.
सवयीनं एक्सपायरी शोधली. छापलेली नव्हती.

बसवलं. ट्रक हलला. टाळ्या झाल्या.
पेडल दाबलं, पुन्हा फेस.
न वापरता, अंधारात, घडी न मोडता
रबर आपलं म्हातारं होऊन बसलं होतं.

मागच्या अंगावर ठळक अक्षरं: उघडू नये, जीव जाईल.
ती स्प्रिंग तिथेच.
लाइलनं पुढचं अंग सोडलं, पडदा काढला,
नॉर्थ प्लॅटचाच साधा पडदा, अठरा डॉलरचा,
बरोब्बर बसला.
मी म्हटलं, रेणू तोच.
या वेळी तो हसला.

एप्रिलच्या नऊ तारखेला दक्षिणेला धूर दिसला.
काटा वर चढेपर्यंत आम्ही केबिनमध्ये गप्प,
बझर कोकलतोय, लाइल काचेवर टिचक्या मारतोय.
साठ. सत्तर. शंभर.
मग त्यानं बटण आत ढकललं, मागून एक लांब फुस्स,
आणि आम्ही निघालो.

पुढच्या आठवड्यात आर्व्हेलाचं पत्र.
मुरंब्याची एक बरणी, आणि खाली दोन ओळी:
पैशांची घाई नाही.
खोकं तेवढं पाठवा, बरण्या जमिनीवर आहेत.