चौकट क्रमांक सात

दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद.
चार कोपऱ्यांना चार पीव्हीसी पाइप, निळी दोरी,
आणि आत चिखल.
दिवागावच्या धक्क्यावरून होडीने वीस मिनिटं,
मग पाणी उतरेपर्यंत डबा खात बसायचं,
मग ढोपरभर गाळ.

लोंढे मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
'इथे आपण काही करायचं नाही. फक्त मोजायचं.'
मला हसू आलं होतं.
काही न करण्याचा पगार, तोही दर महिन्याला!

पलीकडे रोहित बघायला माणसं येतात,
लांब नळीचे कॅमेरे, टोप्या, लाइफ जॅकेटं.
आमच्या चौकटीत रोहित उतरत नाही.
आमच्याकडे तिवर नंबर एकेचाळीस,
पहिल्या वर्षी माझ्या मनगटाएवढं,
आता अकराव्या वर्षी मांडीएवढं.
त्याची श्वासमुळं मोजायची.
निवट्या मोजायच्या, त्या मोजून देत नाहीत.
खेकड्यांची बिळं मोजायची;
एका बिळाशी एक नर, एकच नांगी मोठी, लाल,
ती वर-खाली करत उभा,
ऐरोलीच्या टोलनाक्यावर कुणी गाड्या पुढे घेतं तसा.

जोमाकाका दर उधाणाला विचारतो,
'आतल्या चिंबोऱ्या लय मोठ्या झाल्या आसतील ना गो?'
झाल्यात, काका.
'मंग?'
मंग काही नाही.
तो विडी विझवतो आणि पुलाकडे बघतो.
पुलाच्या तिसऱ्या खांबाखाली त्याच्या बापाची जागा होती जाळ्याची.
त्याच्या आजोळच्या खाजणाला आता सेक्टरचा नंबर आहे.
तेव्हा कुणी दोरी बांधली नाही.
आता उरलेल्या तुकड्याला बांधली,
ती त्याच्याच पुतणीने, त्याच्यासमोर.
हे लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

सातव्या वर्षी रात्रीतून कुणी राबिट टाकून गेलं.
उत्तरेचा कोपरा गायब:
गुलाबी फुलांच्या बाथरूमच्या फरशा,
सिमेंटचे गोळे, कमोडचा अर्धा तुकडा.
मी घमेलं आणायला धावले.
मॅडम म्हणाल्या, 'आधी लिही. मग तक्रार. मग घमेलं.'
लिहिलं. थरथरत लिहिलं, म्हणून त्या पानावरचा सात
एकसारखा दिसतो.
तक्रार तीन कचेऱ्यांत फिरून आली.
घमेल्यांनी आम्ही निम्मंच उचलू शकलो.
दोन वर्षांनी त्या फरशीवर कालवं धरली,
फुलावर एक निवटी बसलेली, आपल्याच घरात असल्यासारखी.
शेऱ्यात मी लिहिलं: याला माफी समजू नये.
मॅडमनी ते खोडलं,
पण हळू, पेन्सिलीने.

मागच्या वर्षी मोजणीचा एक साहेब आला.
त्याच्या नकाशावर हा तुकडा पांढरा.
'इथे तर रिकामं आहे,' तो होडीतूनच म्हणाला.
मी वही उघडली. एकेचाळीसपर्यंत वाचायचं होतं,
सहावर आले तेव्हा तो घड्याळ बघत होता,
पाणी चढायला लागलं होतं आणि बूट नवे होते.
नकाशा बदलला की नाही, अजून कळलेलं नाही.

आमचा होडीवाला मुंबईला गेला तेव्हा
मॅडमनी काकाला ठेवलं, रोजावर.
तो आत पाय टाकायला तयार नव्हता.
मग टाकला. टेपचं दुसरं टोक धरलं,
एकेचाळीसच्या खोडावर तळहात ठेवला
आणि मी आकडा वाचायच्या आधी म्हणाला,
'याच्या मुळाशी गाळ गोडा हाय. यंदा नाल्याचं पानी लय आलंय.'
मॅडमनी पेन थांबवलं.
वास घेतला. पुन्हा घेतला. बाटलीत भरून नेला.
अहवाल आला, तेव्हा त्यांनी फॉर्म नव्याने छापून घेतला,
शेवटी एक रकाना जास्त:
जोमा यांच्या मते.

आज उधाण.
आधी दोरी बुडते, मग पाइपांची टोकं.
होडीतून पाहिलं तर चौकट नाही,
आत नाही, बाहेर नाही, नुसतं करडं पाणी आणि शेंडे.
काका इंजिन बंद करतो.
आमच्या खालून काहीतरी
दोरीवरून सरकत बाहेर जातं,
उद्या पहाटे तो पाग टाकतो त्या दिशेने.
तो बघतो. मी बघते.
मी वही काढत नाही.