पान २११ ते २२४

दर्यापूरच्या टॉकीजात अखेर दिसला
तो उडता साप. चकचकीत, निळा.
माझा मातकट होता,
पूर्णेच्या गाळातून उठलेला.
तेही चाललं असतं.

मध्यंतरानंतर राणी मेली.
"पुस्तकात नाही हे!" मी ओरडलो.
मागून कोणी : "बस ना बे खाली."

लुनावर गुणवंता म्हणाला, "हाये ना गा.
तुह्या पुस्तकातली तेवढी पानं वाळवीनं खाल्ली."

म्हणजे हरभऱ्याच्या जागलीला, डुकरं हाकलत,
जिला मी अकरा हिवाळे नदीपार नेलं
ती —

रात्री काढली वाचनालयाची
कधीच न परतवलेली प्रत.
दोनशे पंचवीसपासून शेवटापर्यंत बोट फिरवलं.
तिचं नाव कुठंच नाही.
साप तेवढा उडत राहतो,
पाठीवर कुणी नसताना.