उचलता येईल अशी

राजारामपुरीतल्या दुकानदारानं पहिल्यांदा काढली
ती सीट सिंहासनासारखी.
मी विचारलं, रिक्षात मावेल?
तो म्हणाला, ताई, गाडी कुठली तुमची?

गाडी माझी नाहीच.
सोम-बुध इंगवल्यांची, मंगळवारी डिसोझांची,
बाकी ज्याची शिफ्ट जुळेल त्याची.
कावळा नाक्यावर उभं राहायचं,
शाल्वीला गोकुळ शिरगावच्या पाळणाघरात सोडायचं,
आणि मग कारखाना.

म्हणून दुमडणारी घेतली. तीन किलो.
कागदावर वाचून नाही,
खांद्याला अडकवून, दुकानाचा जिना
दोनदा चढून-उतरून.

"पेटी शिकवता का?"
नाक्यावर एका आजोबांनी विचारलं.

इंगवल्यांच्या गाडीत मखमली कव्हर,
पट्ट्याचं कुलूप त्याखाली गाडलेलं.
हात घातला तर
शेंगांची टरफलं, कुणाचं तरी कानातलं.
"मांडीवर घ्या की," ते म्हणाले,
"आमची पोरं काय अशीच वाढली न्हाईत?"
मी गुडघा रोवून पट्टा ओढत राहिले.
बाहेर उभ्या दोघांनी घड्याळं बघितली.

त्या बुधवारी उजळाईवाडीच्या अलीकडं
उसाचा ट्रॅक्टर मध्येच थांबला.
डबे पुढं आले. माझं कपाळही.
शाल्वीनं फक्त विचारलं,
"ऊस पडला?"

पुढं कारखान्यापर्यंत रेडिओच बोलत होता.

सोमवारी, डाव्या खिडकीशी,
त्या कव्हरला एक चीर दिसली, बोटभर.
कडेनं लाल दोरा, काजासारखा घातलेला,
टाके वहिनींचे.
कुलूप वर आलेलं.
इंगवले काच पुसत होते,
पुसलेलीच.