नर अज्ञात

मादी. पंख पूर्ण वाढलेले.
अंग तपकिरी, पायांची शेवटची पेरे पिवळी,
जणू मक्याच्या पिठातून चालत आली.
हे वाक्य खोडते.
वर्णनात 'जणू' चालत नाही.

डोके लांबीहून रुंद. स्पर्शिकेला आठ पेरे.
तिसऱ्यावर, चौथ्यावर
बेचकीसारखा फाटलेला एकेक शंकू, वास घेण्यासाठी.
'सारखा' राहू दे. संपादकांना घाई असते.

सप्टेंबरात, पियाउईच्या कोरड्या रानात,
अदाउतोने झुरेमाची फुललेली फांदी वाकवली
आणि खाली पांढरे ताट धरले,
झुलेइदेचे, कडेचा टवका उडालेले,
सकाळी ज्यात आम्ही कुसकुस खाल्ला होता.
काठीचे तीन फटके.
ताटात मिरीची पूड सांडली.
मग पूड चालू लागली.

अकरा. सगळ्या माद्या.

पंख म्हणजे पंख नव्हेत,
एक काडी, तिच्या दोन्ही कडांना केसांची झालर.
एवढ्यावर वारा तिला उचलतो,
की तीच वाऱ्याला उचलते,
हे सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही.
तिथे वारा नसतो.
तिथे लवंगेच्या तेलाचा वास असतो
आणि माझी मान अवघडलेली.

डावा जबडा आहे. उजवा नाही.
ही काही हिची खोड नव्हे, साऱ्या फुलकिड्यांचे हेच:
उजवा अंड्यातच विरघळतो.
एका दाताने परागकण फोडायचा
आणि त्यावर आयुष्य काढायचे.
अदाउतो तोंड उघडून मला स्वतःची डावी बाजू दाखवतो.
"मग आमचं नातं आहे," म्हणतो.

पाठीच्या पहिल्या ढालीवर, मागच्या कोपऱ्यात
लांब केस दोन.
जवळच्या बहिणीला तिथे एकच.
मी चारशे पट मोठे करून पाहिले,
अकराही जणींच्या दोन्ही कोपऱ्यांत मोजले,
मग दिवा बंद केला, चहा केला, पुन्हा मोजले.
एका केसावरून जात वेगळी होते
हे आईला फोनवर सांगितले
तर ती बराच वेळ काही बोलली नाही.

"खाते काय?" अदाउतो विचारतो.
पराग असेल. बुरशी असेल. दुसऱ्या कुणाची अंडीही असतील.
मला माहीत नाही.
काचेवर ठेवण्याआधी मी तिला क्षारात भिजवले,
आतले सगळे वितळेपर्यंत,
म्हणजे केस नीट दिसावेत.
तिचा शेवटचा घास मीच धुऊन टाकला.

नाव तुझे देते, म्हटले.
शेवटी लॅटिनची एक 'इ' लावायची, झाले.
"आणि बाईचे असले तर?"
तर 'ए'.
तो गाडी चालवत राहिला. रस्त्यात शेळ्या आल्या, त्याने हॉर्न दिला नाही.
"ताट तिचं होतं," म्हणाला.

ऑक्टोबरात नर शोधायला पुन्हा गेलो.
वळण तेच, कुंपण नवे.
आत सौर पत्रे, ओळीने,
सगळे एकाच बाजूला मान करून.
झुरेमाचे बुंधे रस्त्याकडेला रचलेले,
कापलेल्या टोकाला अजून लाल.
पलीकडची तीन झाडे झोडपली.
ताटात मुंग्या, एक कोळी, वाळके फूल.

लिहिते: नर अज्ञात.
"अज्ञात म्हणजे नाही?"
अज्ञात म्हणजे आमची भेट नाही.
तो मान हलवतो, पटल्यासारखी नव्हे,
सरकारी कार्यालयात हलवतात तशी.

मूळ नमुना: मादी, काच क्रमांक एक,
दूर उत्तरेतल्या झाडाच्या डिंकात,
पंख पसरून, स्पर्शिका सरळ,
लांबी एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर.
चिठ्ठीवर गाव, तारीख, झाड, गोळा करणारा.
ताटासाठी रकाना नसतो.

ते मी घासून परत दिले.
झुलेइदेने उजेडाकडे धरून पाहिले,
बोट फिरवले टवक्यावरून,
आणि विचारले,
सगळ्या निघाल्या ना यातून?