मागच्या बाजूची लाइन

फाल्गुन लागला की शेवगा आधी पांढरा होतो,
मग टाकीच्या झाकणावर फुलांचा सडा,
मग सोसायटीची चिठ्ठी: फांद्या छाटायच्या का?
मी उत्तर देत नाही.
एप्रिलपर्यंत माझ्याकडून एकही चिठ्ठी वर जात नाही.

मुलुंड पश्चिम, तळमजला, मागची खिडकी.
इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये
अकरा पावलं जागा. पाण्याची मोटर, फुटका कमोड
(त्यात आता ऑफिसटाइम फुलतं),
आणि पलीकडच्या बंद कारखान्याचा पांगारा,
अंगावर एक पान न ठेवता
लालभडक होऊन आमच्या बाजूला वाकलेला.
सकाळी साडेसात: दोन कावळे, सात साळुंक्या,
परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचा घोळका,
सगळ्यांची तोंडं माखलेली,
आमंत्रण नसताना पहिल्या पंगतीला बसल्यासारखी.

मी लिहून ठेवते, दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर.
दूध कधीचंच पिशवीचं झालं, चौकोन राहिले.
४ मार्च: मुंगूस, एक, मोटरच्या मागून.
मी चहा ढवळायची थांबले, तेही थांबलं.
आधी कुणी कुणाला पाहिलं ते ठरेना.
७ मार्च: धोबी आला नाही.
नोव्हेंबरपासून रोज शेपूट हलवत
गटाराचं झाकण तपासून जायचा.
न सांगता गेला. सांगणार तरी कुणाला.

एकतीस वर्षं मी एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन लावून बसले.
भुज, मंगलोर, चिपळूण, इटारसी.
नुसत्या खोकण्यावरून कळायचं
पलीकडे पैसे मागणार आहेत की रडणार.
आता डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली,
वरचे सूर गेले, बाई,
इथपर्यंत सडा, इथून कडा.

तांबट ऐकू येतो. टुक टुक टुक, भर उन्हात,
भांडं काही पुरं होत नाही त्याचं.
भारद्वाज तर छातीतच ऐकू येतो.
शिंजीर मात्र नुसती चोच उघडतो,
बंद काचेपलीकडच्या माणसासारखा.

म्हणून गालांची हेतवी.
दुसरीतली. शाळेच्या आधी येते,
डब्यातली चमची घेऊन गजापाशी बसते.
शिंजीर बोलला की टण्.
लांब बोलला तर टणटणटण, आणि माझ्याकडे बघते.
गजावर तळवा ठेवून मी ऐकते.
कंटाळा आला की ती खोटंही वाजवते.
मला कळतं. चौकोनात तसंच लिहिते:
शिंजीर, हेतवीच्या म्हणण्यानुसार, नऊ.

मादीने घरटं घातलंय ते माझ्याच वायरवर.
लँडलाइन काढून नेली तेव्हा
कापलेली काळी वायर छज्ज्याखाली लोंबत राहिली.
तिला आता कोळ्याचं जाळं, शेवग्याची सुकी फुलं,
बसच्या तिकिटाचा कोपरा
आणि हेतवीच्या रिबिनीचा धागा, लाल.
वारा आला की सगळं बिऱ्हाड झोकांड्या खातं
आणि भोकातून तिची वाकडी चोच तेवढी दिसते, निवांत.
गालाभाई म्हणाले, कापून टाकू, करंट-बिरंट आला तर?
म्हटलं, मी खात्यात होते.
ही लाइन चालू आहे.

पहाटे पावणेपाचला कोकीळ सुरू होतो.
तोच नंबर, पुन्हा तोच, चढत चढत,
आणि कुणी उचलत नाही.
वरच्या मजल्यावर खिडकी धाडकन लागते.
मी अंथरुणातच, डोळे मिटून,
जुन्या सवयीने विचारते,
तीन मिनिटं झाली, वाढवायची का?